झीज सोसणारे

मराठीत 'झिजणे' या क्रियापदाला जो मान मिळाला आहे, तो फार थोड्या क्रियापदांच्या वाट्याला आला असेल. आई मुलांसाठी झिजते, शिक्षक विद्यार्थ्यांसाठी झिजतो, कार्यकर्ता समाजासाठी झिजतो. आणि ही सगळी माणसे झिजतात ती एकाच वस्तूसारखी, चंदनासारखी. निरोपसमारंभ, शोकसभा, एकसष्टीचे सत्कार आणि गौरवग्रंथांच्या प्रस्तावना यांतून हे चंदन इतके उगाळले गेले आहे की त्याला आता वास उरलेला नाही. 'गंजून मरण्यापेक्षा झिजून मरावे' हा सुविचार शाळाशाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. त्याच क्रियापदाचे प्रयोजक रूप घेतले की मात्र मान जातो आणि वैताग येतो. कचेरीचे उंबरठे झिजवणे, कामासाठी चपला झिजवणे यांत कोणाला पुण्य दिसत नाही. आणि जुन्या मराठीत 'झीज सोसणे' असा एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ दुसऱ्यासाठी तोटा आपल्या पदरात घेणे. एकाच धातूपासून आलेले हे तीन निरनिराळे सूर आहेत. त्यांच्याकडे आमचे लक्ष गेले ते एखाद्या काव्यसंग्रहामुळे नव्हे, तर सिगारेट बनवणाऱ्या यंत्राच्या सुट्या भागांमुळे. ही हकीकत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकावी अशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. तेही हिंगोलीत, म्हणजे १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या आणि अजूनही प्रामुख्याने शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात. यंत्रांशी आमची ओळख पिठाची गिरणी आणि वसमतकडचे हळद पॉलिश करण्याचे ड्रम यांपलीकडे गेलेली नव्हती. सेनगाव तालुक्यातला आमचा एक माजी विद्यार्थी बी.ए.चे पहिले वर्ष करून कला शाखा सोडून गेला, आयटीआयमध्ये टर्नर झाला आणि एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात लागला. तिथे सिगारेटच्या यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. नव्या कामगारांसाठी मराठीतून एक माहितीपुस्तिका करण्याचे काम त्याच्याकडे आले. मूळ इंग्रजी मजकुरात दर दोन ओळींआड 'वेअर' हा शब्द होता. त्याने फोन करून विचारले, "सर, वेअरला काय म्हणू?" आम्ही सांगितले, "झीज." "आणि वेअर रेझिस्टंट?" परिभाषाकोशांच्या वळणाने आम्ही 'झीजरोधक' हा शब्द पुढे केला. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "रोधक म्हटलं तर पोरं हसतील, सर. झीज रोखत कोणीच नाही. सगळंच झिजतं, काही लवकर, काही उशिरा. आणि आमच्याकडे झिजतं असंही म्हणत नाहीत. तंबाखू लोखंड खाते, असं म्हणतात."

तंबाखू लोखंड खाते! या वाक्यात एक विरोधाभास आहे आणि तो अलंकारशास्त्रातला नसून वस्तुस्थितीतला आहे. तो समजण्यासाठी आधी यंत्र समजून घ्यावे लागेल.

बारीक चिरलेली तंबाखू हवेच्या झोताने वर उचलली जाते आणि सच्छिद्र अशा फिरत्या पट्ट्याला हवेच्या ओढीने खालून चिकटून पुढे सरकते. थर जाड झाला तर फिरत्या चकत्या तो छाटून सारखा करतात. मग ही तंबाखू कागदाच्या अखंड पट्टीवर येते. त्या कागदाखाली विणलेला एक पट्टा असतो. पूर्वी तो लिननचा असे, आता अरामिड धाग्याचा असतो. पट्टा, कागद आणि तंबाखू असे तिघे एका अरुंद खोबणीत शिरतात. तिथे वरून एक निमुळता तुकडा तंबाखूला दाबून गोल आकार देतो. त्याचे इंग्रजी नाव 'टंग', म्हणजे जीभ. पुढे कागदाची कड गोंदाने मिटते, न संपणारी एक कांडी तयार होते आणि फिरती सुरी तिचे सारखे तुकडे पाडत जाते.

अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक या तरुणाने अशा यंत्राचे पेटंट १८८१ साली मिळवले. त्या काळी हाताने सिगारेट वळणारा निष्णात कारागीर मिनिटाला सुमारे चार सिगारेटी वळत असे; बॉन्सॅकचे यंत्र मिनिटाला सुमारे २०० करू लागले. आजची सर्वांत वेगवान यंत्रे मिनिटाला २० हजारांपर्यंत जातात. आपण मधला वेग घेऊ आणि मिनिटाला ८ हजार धरू. एका सिगारेटीतला तंबाखूचा भाग ६० मिलिमीटर मानला, तर त्या जिभेखालून मिनिटाला ४८० मीटर तंबाखू सरकते. आठ तासांच्या एका पाळीत ही दोरी २३० किलोमीटर लांब होते. रोज २३० किलोमीटर घासली जाणारी ती जीभ किंचित जरी झिजली तरी दाब बदलतो. कांडी कुठे घट्ट, कुठे पोकळ होते, टोकांतून तंबाखू गळते आणि माल बाद होतो.

पण मऊ पानाने पोलाद झिजावेच कसे? याचे उत्तर पानात नाही, पानावर आहे. तंबाखूच्या पानावर चिकट स्राव करणारे सूक्ष्म केस असतात. शेतातली धूळ आणि वाळू त्यांना धरून बसते. झाडाच्या बुडाजवळच्या पानांवर ती सर्वांत जास्त असते. जर्मन तंबाखूव्यवसायात तर तळाच्या पानाचे नावच 'झांडब्लाट', म्हणजे 'वाळूचे पान' असे आहे. वाळूतले क्वार्ट्झ विकर्स मापाने ढोबळमानाने ११०० इतके कठीण असते. उत्तम पाणी दिलेले हत्याराचे पोलाद त्याच मापात ७०० ते ८००च्या घरात येते. म्हणजे चिरलेल्या तंबाखूबरोबर जाणारा न दिसणारा कण पोलादाहून कठीण असतो आणि तो पोलादावर ओरखडे काढत जातो. घासणारा कण पृष्ठभागाहून कठीण असला की झीज झपाट्याने होते. पृष्ठभागच कणाहून पुरेसा कठीण केला की ती एकदम घटते. धातूविद्येचा हा नियम आमच्या विद्यार्थ्याने एका ओळीत सांगितला : "वाळूपेक्षा कडक व्हायचं, नाहीतर वाळूला खाऊ द्यायचं."

वाळूपेक्षा कडक व्हायचे म्हणून टंगस्टन कार्बाइड वापरतात. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची बारीक भुकटी कोबाल्टच्या भुकटीत मिसळतात, साच्यात दाबतात आणि १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. कोबाल्ट वितळून कणांना सांधतो. तयार होणारा पदार्थ विकर्स मापाने १३०० ते १८००पर्यंत जातो. त्याला आकार द्यायला हिऱ्याची सहाणच लागते. १९२०च्या दशकात जर्मनीत हा शोध लागला आणि क्रुप कंपनीने तो 'विडिया' या नावाने बाजारात आणला. 'वी डिआमांट', म्हणजे 'हिऱ्यासारखा', या शब्दांची ती जोडणी. आपल्याकडच्या वर्कशॉपांत कार्बाइडच्या हत्याराला अजूनही विडियाच म्हणतात. त्यावरून आमच्या विद्यार्थ्याच्या आत्याबाई गावभर सांगत होत्या की पोरगा शिकूनसवरून शेवटी विड्या वळायला लागला.

आत्याबाईंच्या गैरसमजात एक खरे दडले आहे, त्याकडे पुढे येऊ. तूर्त एवढे ध्यानात घ्यावे की या कठीणपणाचीही किंमत असते. कार्बाइड झिजत नाही, पण वाकतही नाही. हातातून फरशीवर पडले तर त्याचा टवका उडतो किंवा दोन तुकडे होतात. कोबाल्टचे प्रमाण वाढवले की ते चिवट होते, पण कठीणपणा उतरतो. म्हणून कारखान्यात सगळेच भाग कार्बाइडचे करीत नाहीत. जिथे घर्षण एकसारखे आहे पण धक्का नाही, तिथेच ते बसवतात.

आता सुरीचे पाहा. कांडी कापणारी सुरी मिनिटाला हजारो वेळा तंबाखूतून आणि कागदातून जाते. तिची धार जाणार हे ठरलेले. म्हणून यंत्रावरच तिच्याशेजारी धार लावणारी चाके बसवलेली असतात. सुरी चालता चालता त्यांवर घासली जाते, आखूड होते, आखूड झाली की तेवढीच पुढे सरकवली जाते, आणि संपली की काढून दुसरी लावतात. तिने टिकावे अशी अपेक्षाच नाही. तिने धारदार राहून संपावे अशी अपेक्षा आहे. विणलेल्या पट्ट्याचेही तेच. तो जीर्ण झाला की थोड्या वेळात बदलता येतो.

म्हणजे एकाच यंत्रात झिजेची दोन धोरणे नांदतात. काही भाग झीज सोसण्यासाठी केलेले असतात, काही झिजून जाण्यासाठी. कोणता भाग कोणत्या गटात घालायचा हे त्या भागाच्या स्वभावावर ठरत नाही. ते आराखडा करणारा ठरवतो. त्याचा हिशेब साधा असतो : भाग बदलायला किती पैसे लागतात, त्यासाठी यंत्र किती वेळ थांबते, आणि त्या थांबण्यात किती मालाचे नुकसान होते. जो भाग स्वस्त आणि बदलायला सोपा, त्याच्या अंगावर झीज ढकलायची. जो महाग आणि अडचणीच्या जागी, त्याला जपायचे. आमच्या विद्यार्थ्याने पुस्तिकेत शेवटी दोन शब्द वापरले. सुरी आणि पट्टा यांच्यासाठी 'झिजायचे भाग' आणि कार्बाइडच्या भागांसाठी 'झीज सोसणारे भाग'. दुसरा शब्द ऐकून आम्ही चकित झालो, कारण जुना वाक्प्रचार त्याने नकळत त्याच्या नेमक्या जागी नेऊन बसवला होता.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काय मिळते? मराठी कवितेत यंत्र आले त्याला आता बराच काळ लोटला. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहाने यंत्रयुगातील प्रतिमांना कवितेत मानाची जागा दिली आणि नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मधून कामगार स्वतः बोलू लागला. परंतु आपल्या समीक्षेने यंत्र वाचले ते बहुधा एक अखंड, अमानुष वस्तू म्हणून. माणसाला चिरडणारी शक्ती म्हणून. यंत्राचे सुटे भाग असतात, त्यांच्यात आपसात झिजेची वाटणी झालेली असते आणि ती वाटणी कोणीतरी विचारपूर्वक केलेली असते, ही गोष्ट आपल्या प्रतिमाविचारात फारशी उतरली नाही. आपण चंदनापाशी थांबलो.

त्या चंदनाकडेच पुन्हा पाहू. चंदनाचे खोड उगाळायला सहाण लागते. खोड झिजते आणि गंध देवाच्या कपाळी जातो, म्हणून खोडाचे नाव होते. पण सहाणही झिजते. देवघरातल्या जुन्या सहाणेला मध्ये खळगा पडलेला असतो. तो खळगा म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या पूजेची नोंद. झीज सोसणारा भाग तो हाच. मराठीने 'सहाणेसारखा झिजला' असा वाक्प्रचार केला नाही. जात्याचेही तसेच आहे. दळताना दाणा भरडला जातो हे सर्वांना दिसते, पण दोन्ही तळ्या हळूहळू गुळगुळीत होतात, मग पाथरवटाकडून त्यांना टाकी लावून घ्यावी लागते, आणि नव्याने टाकी लावलेल्या जात्याच्या पहिल्या पिठात कच लागते. तो दगडाचा झिजलेला अंश आपल्या पूर्वजांच्या पोटात गेला. तिकडे वसमतला हळद ड्रममध्ये घालून फिरवतात. गाठी एकमेकींवर आणि जाळीवर घासून साल निघते आणि हळदीला चकाकी येते. बाजारात हळदीचा भाव पुकारला जातो. जाळी विरली की वेल्डिंगवाल्याला बोलावतात. झिजून दरवळणाऱ्याकडे आपले लक्ष जाते. झीज सोसून काम चालू ठेवणाऱ्याकडे जात नाही.

हे आम्ही रूपकाच्या हौसेने लिहीत नाही. आमच्या पेशात हे रोज घडते आहे आणि या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांना ते आमच्याहून चांगले ठाऊक असेल. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक आहेत. त्यांची नेट किंवा सेट झालेली असते, काहींची पीएच.डी.ही. ते वर्षानुवर्षे शिकवतात, पण नेमणूक दरवर्षी नव्याने. मानधन तासाला मोजून, तेही वेळेवर मिळेलच असे नाही. सुट्टीत काही नाही. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात अशा एका सहकाऱ्याने बारा वर्षे मराठीचे तास घेतले. भाषाविज्ञानाची नावडती प्रश्नपत्रिका त्याच्याकडे, स्नेहसंमेलनाचे निवेदन त्याच्याकडे, परीक्षेच्या जादा पाळ्या त्याच्याकडे. शेवटी त्याने गावी शेतीकडे जायचे ठरवले. निरोपाच्या लहानशा कार्यक्रमात एका वक्त्याने अगदी मनापासून सांगितले की सर चंदनासारखे झिजले. टाळ्या झाल्या. आम्हीही त्या सभेत बसलो होतो. सहकाऱ्याचा चेहरा निर्विकार होता.

त्या दिवशी आमच्या मनात सिगारेटच्या यंत्रातली सुरी आली. आखूड झाली की पुढे सरकवायची, संपली की दुसरी लावायची. कारण ती स्वस्त आहे आणि बदलायला सोपी आहे. सुरीला चंदन म्हटल्याने तिची जागा बदलत नाही. उलट, ज्याने तिला त्या जागी बसवले तो नजरेआड होतो. 'झिजला' हे क्रियापद अकर्मक आहे. त्याला कर्ता एकच, झिजणारा. झिजवणाऱ्याला वाक्यात जागाच उरत नाही. 'झिजवला' म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : कोणी? गौरवाच्या भाषणात आपण अकर्मक रूप वापरतो आणि तक्रारीत प्रयोजक, हा केवळ व्याकरणाचा योगायोग आम्हास वाटत नाही.

आता आत्याबाईंच्या विड्यांकडे येऊ. विडी हाताने वळली जाते. सिन्नर, सोलापूर, कामठी, गोंदिया या भागांत हजारो बायका घरी बसून तेंदूचे पान कापतात, त्यात जर्दा भरतात, वळतात, दोरा गुंडाळतात. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. इथे टंग नाही, पट्टा नाही, सुरी नाही. बोटे आहेत, नखे आहेत, वाकलेली पाठ आहे आणि श्वासातून जाणारी तंबाखूची धूळ आहे. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला, तो ही झीज निदान मोजली जावी म्हणून. यंत्राच्या जिभेला कार्बाइड मिळाले, कारण ती झिजली तर मालकाचे यंत्र थांबते. बोटे झिजली तर शेजारच्या घरात दुसरी बोटे असतात. आत्याबाईंनी विडिया आणि विड्या यांची गल्लत केली खरी, पण दोन्हींत प्रश्न एकच आहे : वाळूच्या कणासमोर कोणाला उभे करायचे?

आणि माल कोणता? आमचा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १९३० साली वजीर सुलतान टोबॅको कंपनी स्थापन झाली आणि आझमाबादेतल्या तिच्या कारखान्यातून निघालेली 'चारमिनार' दूरदूर पोचली. बंगालीत सत्यजित राय यांच्या फेलुदाच्या ओठांतही चारमिनारच असते. आमच्या वडिलांच्या पिढीत ते पाकीट खिशात असणे ही थोडी शहरी ऐट होती. त्यांच्यापैकी कित्येकांचे शेवटचे दिवस खोकल्यात गेले. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस सूक्ष्म केसर असतात. आत आलेली धूळ ते सतत वर लोटत असतात. माणसाच्या देहातले हे झीज सोसणारे भागच म्हणायचे. धूर त्यांचे काम मंदावतो आणि पुढे त्यांना नष्ट करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात. त्यांच्यासाठी सुटे भाग मिळत नाहीत.

हे आम्ही विद्यार्थ्यास बोलून दाखवले. तो रागावला नाही. म्हणाला, "सर, मी ओढत नाही. आमच्यातले बरेच जण ओढत नाहीत. पण काम आलं ते हेच. याच मशीनवर उद्या कापडगिरणीचे पार्ट आले तर तेही करू. हात तेच राहतील." आम्ही त्याला काही उपदेश केला नाही. कोणत्या मालासाठी झिजायचे हेही झिजणाऱ्याला ठरवता येत नाही, ही गोष्ट त्याच्या उत्तरात होतीच.

तर मग झिजण्यात काही मोठेपण नाहीच काय? आहे, आणि तो पाहायला आमच्या जिल्ह्यापासूनच निघता येते. परंपरा संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून हिंगोलीजवळचे नरसी सांगते. नामदेवांनी मागितले ते पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी होणे : संतांचे पाय आपल्यावर पडावेत, आपण त्यांखाली झिजावे. जगातल्या इमारतींत सर्वांत आधी झिजणारा भाग पायरी हाच असतो, आणि तो भाग त्यांनी आपण होऊन निवडला. इथे झिजणाऱ्याने स्वतः आपली जागा ठरवली आहे. आज वारकरी त्या पायरीवर पाय ठेवायचे टाळतात, हात लावून नमस्कार करतात. ज्याने झीज मागितली त्याला भक्तांनी जपले.

त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी तिथून आणल्या, अशी परंपरा सांगते. ते काम चोखोबांनी मागितलेले नव्हते, जातीने त्यांच्या वाट्याला टाकलेले होते. दोन समाध्या, काही पावलांचे अंतर. एकाने झीज निवडली, दुसऱ्यावर ती लादली गेली. दोघांनाही 'चंदन' म्हटले तर मधले अंतर पुसले जाते. आणि ज्या नामदेवांनी स्वतःसाठी पायरी मागितली, त्यांनीच मंगळवेढ्याला जाऊन त्या अस्थी वेचल्या. लादलेल्या झिजेची नोंद ठेवण्याचे कामही त्यांनी केले.

तिसरे उदाहरण शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे. नामदेवांच्या घरची ही दासी दळू लागली की विठ्ठल जात्याचा खुंटा धरायला येई, असे लोक सांगत आले. या कथेकडे आम्ही आता थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहतो. देव येऊन तिला 'तू किती झिजतेस' असे म्हणत नाही. तिचा गौरव करून तो परत जात नाही. तो समोर बसतो आणि अर्धी झीज आपल्या हातावर घेतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. यापुढे कथेत, कवितेत, चरित्रात किंवा सभेतल्या भाषणात 'झिजणे' भेटले, तर तीन गोष्टी विचाराव्यात. घासणारा कण कोणता? या माणसाला त्या जागी कोणी बसवले? आणि त्याच्या समोर खुंटा धरायला कोणी बसले होते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मजकुरांत मिळते. दुसऱ्याचे शोधावे लागते, कारण अकर्मक क्रियापदाने ते झाकलेले असते. तिसऱ्याचे उत्तर मजकुरात मिळाले नाही, तर ते आपल्या विभागात, शिक्षकांच्या खोलीत, तासिकांच्या वेळापत्रकात शोधून पाहावे. तिथे या सत्राच्या जादा तासांची यादी लागलेली असेल, आणि कोणाच्या नावापुढे किती तास आहेत हे मोजायला एक मिनिटही लागत नाही.